बसलेला घसा आणि उसनं गाणं

मंडळी, आत्ता आपण लागोपाठ दोन ध्वनिमुद्रणं ऐकली. गाणं एकच, ‘ट्विस्ट अँड शाउट’. पहिलं आयझ्ली ब्रदर्सचं, १९६२ सालचं. दुसरं बीटल्सचं, ११ फेब्रुवारी १९६३ या दिवशी लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत झालेलं. क्रम मुद्दाम असा ठेवला. कारण आपल्यापैकी बहुतेकांनी हे गाणं आधी ऐकलं ते ‘बीटल्सचं गाणं’ म्हणूनच. त्यात आम्हीही आलोच. ते दुसऱ्या कुणाचं आहे हे कळायला आम्हाला पुष्कळ वर्षं लागली, आणि कळल्यावर जरा ओशाळल्यासारखं झालं. आजचं व्याख्यान त्या ओशाळेपणातूनच आलंय असं समजा.

आधी हकीकत. गाणं लिहिलं फिल मेडली आणि बर्ट बर्न्स या दोघांनी. १९६१ मध्ये टॉप नोट्स या जोडीनं ते पहिल्यांदा रेकॉर्ड केलं, निर्माता होता फिल स्पेक्टर. बर्न्सला ते मुळीच पटलं नाही. आपल्या गाण्याची वाट लावली असंच त्याला वाटलं. म्हणून पुढच्या वर्षी आयझ्ली बंधूंना घेऊन त्यानं ते स्वतः पुन्हा बांधलं. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो, ती सुद्धा दुसरी आवृत्तीच आहे! पण आज आपण ओळखतो ते गाणं, त्यातला तो सवाल-जवाब आणि चढत जाणारा ‘आ’कार, हे सगळं उभं राहिलं ते आयझ्लींच्या हातून.

आता तो फेब्रुवारीतला सोमवार. बीटल्सचा पहिला अल्बम व्हायचा होता. चौदापैकी चार गाणी आधीच्या दोन सिंगल्समुळे तयार होती, उरलेली दहा त्या एका दिवसात झाली. सकाळी दहापासून रात्री पावणेअकरापर्यंत, तीन सत्रांत. निर्माता जॉर्ज मार्टिन, ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथ. जॉन लेननला सर्दी झालेली, दिवसभर घशाच्या गोळ्या चघळणं चाललेलं. ‘ट्विस्ट अँड शाउट’ सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण ते गायल्यावर त्याचा आवाज उरणार नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं. झालंही तसंच. पहिल्या टेकला गाणं मिळालं. मार्टिननं दुसराही घेऊन पाहिला, पण आवाज संपला होता. आपण ऐकतो तो पहिला टेक. आपला घसा सँडपेपरसारखा झाला होता असं लेनननं पुढे सांगितलं.

ही गोष्ट इतकी छान आहे की तिच्यामुळे गाण्याकडे दुर्लक्ष होतं. आमचा पहिला आक्षेप हाच. घसा बसणं हा काही कलागुण नव्हे. घसा बसलेले गायक गावोगावच्या ऑर्केस्ट्रात दर हंगामात सापडतात, त्यांची कुणी साठ वर्षं आठवण काढत नाही. मग इथे तो खरखरीत आवाज अर्थपूर्ण का वाटतो? उत्तर मांडणीत आहे.

आयझ्लींच्या ध्वनिमुद्रणात मधला तुकडा ब्रास वाजवतं. रोनाल्ड आयझ्लीचा आवाज मोकळा आहे, त्याला घाई नाही. भोवती माणसं जमलीत, नाच चाललाय, आणि गाणारा त्या गर्दीतलाच एक. बीटल्सकडे ब्रास नव्हतं. दोन गिटार, बास आणि ड्रम्स, बस्स. त्यांनी तो मधला तुकडा गिटारवर घेतला आणि सगळा भार गळ्यांवर टाकला. मग येतो तो चढता ‘आ’कार. त्यांच्या पट्टीतला षड्ज धरून पाहिलं तर स्वर आहेत प, नी, रे, म. एकेक आवाज येतो आणि आधीच्यावर चढून थांबतो. चारही स्वर षड्जाकडे जायला आसुसलेले, पण षड्ज मिळत नाही. ताण वाढतच राहतो, आणि मग सगळं एकदम फुटतं.

आयझ्लींकडे ही शिडी मौजेची आहे. बीटल्सकडे तिच्या टोकाला असा एक गळा उभा आहे, जो पुढच्या ओळीपर्यंत टिकेल की नाही याची खात्री नाही. शिडी तीच, वर काय आहे ते बदललं. आयझ्लींचं गाणं नाचायला बोलावतं. बीटल्सचं ऐकताना आपण श्वास रोखून धरतो. आमच्या मते ही नक्कल राहिलेली नाही, हे गाण्याचं वाचन आहे.

घरी एक प्रयोग करून बघा. त्या दिवशी दोनच ट्रॅकवर ध्वनिमुद्रण झालं, एकीकडे वाद्यं आणि एकीकडे आवाज. जुनी स्टीरिओ प्रत मिळवा आणि इअरफोनची एकच बाजू कानाला लावा. गाणं आणि वाजवणं एकाच वेळी, एकाच खोलीत झालेलं असल्यामुळे आवाजाच्या बाजूलाही वाद्यं झिरपलेली ऐकू येतात. पण लेननचा गळा जवळजवळ एकटा सापडतो. तो कुठे फाटतो हे ऐकाच, पण कुठे फाटत नाही तेही ऐका. लय एकदाही ढळत नाही. तेरा तास स्टुडिओत घालवलेला, आजारी माणूस प्रत्येक ओळ नेमक्या जागी टाकतोय. हे सर्दीनं दिलेलं नाही. हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवलं, लिव्हरपूलच्या कॅव्हर्नमध्ये दुपारी वाजवलं, त्यातून आलंय. ‘एका टेकमध्ये झालं’ हे खरं, पण त्या टेकमागे काही वर्षांचा रियाज आहे.

इथवर कौतुक. आता अवघड भाग.

आपल्याकडे कुणी म्हणेल, यात काय विशेष? एकच बंदिश दहा गवई गातात, कुणी उसनवारी म्हणत नाही. खरंय. पण आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेऊन कानाची पाळी धरतो. तबकडीच्या धंद्यात कानाला हात लावायची सोय नाही. तिथे नियम असा की गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं तर मानधन गीतकार-संगीतकाराला मिळतं. मेडली आणि बर्न्स यांना मिळालं. ज्या गायकांनी त्या गाण्याला आकार दिला, त्यांना या दुसऱ्या तबकडीतून काही मिळत नाही. आयझ्लींची तबकडी अमेरिकेच्या पॉप यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत गेली. बीटल्सची १९६४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचली. आणि त्या पहिल्या अल्बमवरच्या सहा उसन्या गाण्यांपैकी बहुतेक त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकारांच्या तबकड्यांवरूनच उचललेली होती.

लेननला याची जाणीव होती. एखाद्या कार्यक्रमात कृष्णवर्णीय कलाकार असेल तर आपल्याला हे गाणं म्हणायला संकोच वाटतो, हे संगीत त्यांचं आहे, अशा अर्थाचं तो १९६३ मध्येच बोलला होता. हा संकोच आम्हाला त्या ध्वनिमुद्रणाइतकाच मोलाचा वाटतो. ज्याला हे ऋण कळलंय, तो उसन्या गाण्यात नुसता मिरवून घेत नाही, स्वतःला पणाला लावतो. त्या टेकमध्ये आम्हाला तेच ऐकू येतं.

म्हणून आमचा निवाडा असा. त्या दिवसाच्या दहा गाण्यांत हे सगळ्यात उसनं आणि तरीही सगळ्यात त्यांचं आहे. ‘अ टेस्ट ऑफ हनी’ त्यांनी नेटकं म्हटलं, पण त्यात त्यांचं काही पणाला लागलं नाही, आणि ते आज फारसं कुणी काढून ऐकत नाही. लेननला स्वतःला आपल्या या गाण्याची लाज वाटायची, याहून बरं गाता आलं असतं असं त्याचं म्हणणं. गायक म्हणून त्याचं बरोबर असेलही. श्रोते म्हणून आम्ही त्याच्याशी असहमत आहोत.

लेननचं देणं लेनननं बोलून दाखवलं. आपलं, श्रोत्यांचं, अजून बाकी आहे. ते फेडायला अडीच मिनिटं पुरतात. आज घरी गेल्यावर आयझ्ली ब्रदर्सची तबकडी एकदा लावा, आणि या वेळी तुलना न करता ऐका.