अस्वले मोजली की पाणवठे?

बुद्धपौर्णिमेच्या पाठोपाठ सातारा-सांगलीच्या वृत्तपत्रांत येणारी एक बातमी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. कोयना अभयारण्यात किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानात वनरक्षकांनी आणि स्वयंसेवकांनी पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्र जागवली आणि इतके गवे, इतकी सांबरे, इतकी अस्वले आढळली, अशी ती बातमी असते. मथळ्यापर्यंत पोहोचताना 'आढळली' या शब्दाचे 'आहेत' होऊन जाते. पुढच्या वर्षी आकडा चढला की अस्वले वाढली आणि उतरला की घटली, असा निष्कर्षही निघतो. शाळेच्या भित्तिपत्रकावर हेच आकडे उतरवले जातात. म्हणून ही पद्धत शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहणे शिक्षकांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

आधी तिच्या जमेची बाजू पाहू. एका रात्रीत अनेक माणसे जंगलाशी जोडली जातात, निरीक्षणाची सवय लागते, कोणते प्राणी या जंगलात आहेत याची यादी पक्की होते. अनेक ठिकाणी वनखाते या उपक्रमाला आता 'निसर्गानुभव' म्हणते. हे नाव अधिक प्रामाणिक आहे. अडचण सुरू होते ती या अनुभवाला आपण 'गणना' म्हणू लागतो तेव्हा.

पाणवठ्यावरील मोजणीमागे एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, ऐन उन्हाळ्यात पाणी मोजक्याच ठिकाणी उरते, त्यामुळे प्रत्येक प्राण्याला तेथे यावेच लागते. विदर्भातील कोरड्या पानगळीच्या जंगलात हे काही अंशी खरे ठरेल. सह्याद्रीत काय स्थिती आहे? एका बाजूला कोयनेच्या शिवसागराचा, दुसऱ्या बाजूला वारणेच्या वसंतसागराचा अफाट किनारा आहे. मधल्या सदाहरित दऱ्यांतून मे महिन्यातही झरे आणि डोह टिकून असतात. अस्वलाने नेमक्या आपल्याच मचाणाखाली यावे अशी काहीही सक्ती नाही. त्यातून त्या आठवड्यात वळवाची एक सर पडली, तर खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचते आणि आकडा एकदम खाली येतो. घट झालेली असते ती पाणवठ्यावर येण्याच्या गरजेत. अस्वले होती तितकीच असतात. उलट, एकच अस्वल रात्रीत दोन पाणवठ्यांवर गेले तर दोनदा मोजले जाते.

पावलांच्या ठशांवरून मोजावे, तर तेही सोपे नाही. जांभ्या खडकाच्या सड्यावर ठसा उमटत नाही आणि दाट पालापाचोळ्यात तो टिकत नाही. शिवाय ठशावरून 'हा अमुकच प्राणी' असे ओळखण्यात किती चूक होते, हे देशाने वाघांच्या बाबतीत अनुभवले आहे. राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात 2004 साली कागदोपत्री डझनाहून अधिक वाघ होते. 2005 साली तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर देशभर ठशांची जुनी पद्धत सोडून स्वयंचलित कॅमेरे आणि नमुना-सर्वेक्षण यांचा अवलंब झाला.

मग शास्त्रीय मोजणी म्हणजे काय? वर्गात एक प्रयोग करता येईल. एका पिशवीत चिंचोके घ्या. किती आहेत ते मुलांना सांगू नका. त्यातले 40 काढून त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि परत मिसळा. आता न बघता 50 चिंचोके काढा. त्यांत ठिपक्याचे 10 निघाले, म्हणजे पाचातला एक खुणेचा आहे. मग एकूण चिंचोके 40 च्या पाचपट, सुमारे 200. 'खूण करा आणि पुन्हा पकडा' या पद्धतीचा हा गाभा आहे.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. याच 200 पैकी 60 चिंचोके फडक्यात घट्ट बांधून पिशवीच्या तळाशी ठेवा आणि उरलेल्यांवर तीच कृती पुन्हा करा. उत्तर 140 च्या आसपास येईल. हातात कधीच न येणारे चिंचोके गणिताला दिसत नाहीत. पाणवठ्यावर न येणारी अस्वले ही अशीच फडक्यात बांधलेली असतात.

अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात नेमका हाच वाद झाला. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या बंधूंनी 1959 पासून तेथील ग्रिझली अस्वलांचा अभ्यास केला. 1961 साली त्यांनी अस्वलाच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून त्याचा माग काढला. त्यांच्या मोजणीचा मोठा आधार म्हणजे कचऱ्याच्या उकिरड्यांवर जमणारी अस्वले. उकिरड्यांकडे कधी फिरकतच नाहीत अशी आणखी अस्वले आत जंगलात आहेत, असे उद्यानाच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. 1970 च्या सुमारास उकिरडे भराभर बंद करण्यात आले. भुकेली अस्वले वस्त्यांकडे वळली आणि बरीच मारली गेली. 1975 साली तेथील ग्रिझलीची नोंद संकटग्रस्त म्हणून करावी लागली. न मोजलेल्या अस्वलांविषयीचा अंदाज हा केवळ विद्वानांच्या चर्चेचा विषय नसतो, हे यातून दिसते.

पुढे 2004 साली माँटाना राज्याच्या वायव्य भागात केट केंडॉल आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग घेतला. वासाचे आमिष ठेवून भोवती काटेरी तार लावायची, तारेत अडकलेले केस गोळा करायचे आणि त्यांतील डीएनएवरून प्रत्येक अस्वल ओळखायचे. अस्वलाला हातही न लावता खूण मिळाली! प्रत्यक्ष ओळखली गेलेली अस्वले होती 563. न सापडलेल्यांचा हिशेब धरून काढलेला अंदाज होता 765. या दोन आकड्यांतील फरक म्हणजेच शास्त्र.

आपल्याकडे वाघाचे पट्टे ही निसर्गाने दिलेली खूण आहे. मे 2018 मध्ये चांदोलीत वाघाचे छायाचित्र मिळाले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्याची वाघीण सह्याद्रीत आणून सोडली गेली. वाघाकडे सर्वांचे लक्ष आहे, ते योग्यच आहे. अस्वल मात्र काळेभोर. छातीवरचा पांढरट पट्टा चार पायांवर चालताना झाकला जातो. त्यामुळे कॅमेऱ्यात आलेले अस्वल कोणते, हे सांगणे अवघड जाते. तरीही कमी खर्चाचा एक मार्ग आहे. जंगलाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात अनेकदा फिरायचे आणि उकरलेली वारुळे, झाडांवरचे नखांचे ओरखडे, बिया असलेली विष्ठा नोंदवायची. एका फेरीत खूण सापडण्याची शक्यता निम्मी असेल, तर तीन फेऱ्यांत ती हुकण्याची शक्यता एक-अष्टमांश उरते. आपण किती चुकतो, हे अशा पुनरावृत्तीतून कळते. एका रात्रीच्या मचाणातून ते कधीच कळत नाही.

हा काथ्याकूट कशासाठी? जावळी, पाटण, शिराळा या तालुक्यांत करवंदे, जांभळे, हिरडा गोळा करायला माणसे ज्या रानात जातात, त्याच रानात अस्वलही जाते. एखादा हल्ला झाला की 'अस्वले फार वाढली' अशी ओरड होते आणि पुराव्यादाखल पाणवठ्याचा आकडा पुढे येतो. अस्वले खरोखर वाढली, की रानमेवा कमी झाल्याने तीच अस्वले गावाजवळ येऊ लागली? दोन्हींवरचे उपाय निरनिराळे आहेत. चुकीच्या आकड्यावर चुकीचा उपाय बेतला, तर नुकसान माणसाचेही होते आणि अस्वलाचेही.

पुढच्या वैशाखात ही बातमी वर्गात जरूर वाचावी आणि विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारायला लावावेत. मचाणे किती होती? गेल्या वर्षी तितकीच होती का? त्या आठवड्यात पाऊस झाला होता का? आणि जी अस्वले आली नाहीत, त्यांचा हिशेब कोणी, कसा केला? चौथ्या प्रश्नाचे उत्तर बातमीत नसेल, तर तो आकडा भित्तिपत्रकावर लिहिताना त्यापुढे 'आहेत' लिहू नये. 'दिसली' लिहावे.