तालमीबाहेरची बैठक

बडोद्याचे द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेला 'व्यायाम ज्ञानकोश' म्हणजे केवढा व्याप! तब्बल दहा खंड. जोर, बैठका, मलखांब, लाठी यांची मराठी परिभाषा अशी ठाशीव, की नुसते वाचूनच घाम यावा. तरीही परवा तो चाळताना मला रुखरुख लागली. डोळ्यांपुढे उभा राहिला तो तालमीतला गडी. पाटावरून उठताना गुडघ्यावर हात टेकणारी माझी सत्तरीची आई काही त्यात दिसेना. संपादकांना बोल कसा लावावा? काळच तसा होता. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून मांडीच्या स्नायूंसाठी वजने उचलून घेतली. आठ आठवडे टिकले नऊ जण. त्यांचे बळ सरासरीने पावणेतीनपट झाले! हे ज्ञान कोशानंतरचे.

म्हणून कोशातली बैठक मी आईला समजावून सांगितली.

"हे लंगोट लावून करायचं की काय रे?" तिने विचारले.

आता रोज सकाळी खुर्चीचा हात धरून तिच्या दहा बैठका होतात. काल अकरावी झाली. मोजायला मी होतो.