‘पाळक’ आणि ‘सेवक’ : ख्रिस्ती नेतृत्वाची मराठी परिभाषा

सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मास याने ‘कॅलियाना’ येथे पर्शियात दीक्षा घेतलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. हे स्थळ म्हणजे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. या किनाऱ्यावर ख्रिस्ती नेतृत्व प्रथम दिसते ते असे बाहेरच्या नेमणुकीच्या रूपाने. पुढे ठाणे-वसईवर पोर्तुगीज अंमल आला आणि ‘पाद्री’ हा शब्द मराठीत रुळला. त्यात पदाचा मान आहे. परंतु त्या पदाने काय करावयाचे, याचा बोध त्यातून होत नाही.

प्रॉटेस्टंट मराठीने ‘पाळक’ हा शब्द स्वीकारला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मेंढपाळ. ‘मेंढपाळ’मधील मेंढी गेली आणि केवळ पाळणे उरले. भातशेती व खाडीच्या या मुलुखात मेंढ्यांचा कळप नित्याचा नव्हे, हे लक्षात घेता ही काटछाट समजण्यासारखी आहे. तरी तीत काहीतरी गमावले. कळपातील चुकलेल्या एकीला शोधावयास निघणारा माणूस ‘मेंढपाळ’ शब्दात डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘पाळक’ शब्दात केवळ सांभाळणारा, किंबहुना वरचा, उरतो. ‘ळ’च्या जागी ‘ल’ घातला की ‘पालकमंत्री’पर्यंत पोचावयास फार वेळ लागत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मोठा होऊ पाहणाऱ्याने इतरांची सेवा करावी, या येशूच्या शिकवणीत ग्रीकमध्ये दोन शब्द येतात : पहिला सेवा करणाराचा, दुसरा गुलामाचा. मराठीत त्यांसाठी ‘सेवक’ व ‘दास’ ही जोडी रूढ आहे. ‘दास’ शब्दाला संतपरंपरेने इतकी प्रतिष्ठा दिली आहे की त्यातील गुलामीचा दंश मराठी कानाला जाणवतच नाही. ‘सेवक’ तर राजकीय व्यासपीठावर विनासायास उच्चारला जातो. (कचेरीत मात्र हाच शब्द शिपायाला लावला जातो, आणि तेथे तो कोणीही मागून घेत नाही.) ज्या शब्दाने पद स्वीकारणाऱ्याला काही किंमत द्यावी लागत नाही, तो नम्रतेचा पुरावा मानता येत नाही.

या पार्श्वभूमीवर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे लेखन मोलाचे ठरते. त्यांची वसई 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन आणि ‘सुबोध बायबल’ यांतून त्यांनी धर्माचे बोलणे चर्चच्या भिंतीबाहेर नेले. हरित वसईच्या चळवळीत तर श्रोते सर्वधर्मीय होते. तेथे परिभाषेची ढाल उपयोगी नव्हती. जमीन, पाणी, झाड हेच शब्द वापरणे भाग होते, आणि त्यांतील चूक ऐकणारा शेतकरी तात्काळ ओळखू शकत होता. त्यांच्या सुबोधतेला कधी कधी सपाटपणा येतो आणि मूळ संहितेतील खाचखळगे बुजतात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा काहींनी धर्मगुरू म्हणून विरोध केला. आणि त्या व्यासपीठावर ते बोलले ते मराठी लेखक म्हणून. ‘फादर’ हे संबोधन मात्र अखेरपर्यंत त्यांच्या नावाआधी राहिले, आणि त्याला मराठी प्रतिशब्द कोणी सुचविल्याचे दिसत नाही.