बाईंचं वेड

नाचाच्या क्लासची माहितीपत्रकं म्हणजे लग्नाची टिपणंच. प्रत्येक बाईंना 'बालपणापासून नृत्याची आवड'. पुढं घराणं, गुरू, पदव्या. डोक्यात वेड कसलं आहे, ते मात्र विचारू नका!

आता पुण्याच्या रोहिणी भाटे घ्या. पत्रकाच्या हिशेबानं गुरू लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर. १९४७ साली 'नृत्यभारती' काढली. झालं! पण बॅलेच्या ठरीव पावलांवर उखडलेल्या त्या अनवाणी इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र या बाईंनी मराठीत आणलं. स्वतः जन्मभर मात्रा मोजून पाऊल टाकणाऱ्या, आणि हौस ही! आपली चिमी ज्यांच्या हाती द्यायची, त्यांचं असलं वेड आधी कळायला नको? आमच्या कोपऱ्यावरच्या क्लासच्या पत्रकात ओढणीचा रंगसुद्धा दिलाय. बाईंना अडीच ओळी.