भग्न मठातील काळ : फ्रीडरिखच्या एका चित्राचा रसविचार

भग्न वास्तूचे चित्र रसिकाला फार लवकर वश करून घेते. म्हणूनच त्याविषयी लिहिताना समीक्षकाने सावध असावे. पडकी कमान, तिच्यावर चढलेली वेल आणि मावळतीचा प्रकाश एवढी सामग्री जुळली की प्रेक्षकाच्या मनात एक मधुर खिन्नता आपोआप जागी होते. तिचे श्रेय चित्रकाराचे किती आणि पडक्या भिंतीचे किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अठराव्या शतकात युरोपातील धनिकांना या खिन्नतेचा असा शौक जडला होता की, ते आपल्या उद्यानांत नवीकोरी भग्न मंदिरे बांधवून घेत. जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिख (१७७४–१८४०) याचे ‘ओकवनातील मठ’ हे चित्र त्याच शौकाचे फळ असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. आमच्या मते ते तसे नाही.

१८०९–१० मध्ये रंगविलेले हे तैलचित्र सुमारे ११० सेंटिमीटर उंच व १७१ सेंटिमीटर रुंद आहे. १८१० च्या बर्लिन येथील अकादमीच्या प्रदर्शनात ते ‘समुद्रकाठचा मठवासी’ या चित्रासह मांडले गेले आणि प्रशियाच्या राजाने ही दोन्ही चित्रे विकत घेतली. आज ती बर्लिनच्या जुन्या राष्ट्रीय चित्रशाळेत आहेत. मध्यभागी गॉथिक चर्चची एकच भिंत उभी आहे. तिच्या उंच, निमुळत्या खिडकीतून आकाश दिसते. दोन्ही बाजूंस निष्पर्ण ओकवृक्ष, खाली बर्फ आणि कललेले क्रूस. मठवासीयांची एक रांग शवपेटी घेऊन त्या भिंतीतील दाराकडे चालली आहे. पुढे एक खोदलेली कबर आहे, परंतु रांग तिच्यापाशी थांबलेली नाही. चित्राचा खालचा भाग काळोखात बुडाला आहे, तर वर आकाशात फिकट उजेड आणि पातळ चंद्रकोर आहे.

या भिंतीचा मूळ नमुना म्हणजे फ्रीडरिखच्या जन्मगावाजवळील, ग्राइफ्सवाल्डनजीकचा एल्डेना मठ. बाराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेला हा सिस्टर्शियन पंथाचा मठ सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या लाटेत बंद पडला आणि पुढे त्याच्या विटा लोकांनी अन्य बांधकामांसाठी उपसून नेल्या. म्हणजे फ्रीडरिखच्या काळी तेथे अंत्ययात्रा काढावयास एकही मठवासी उरलेला नव्हता. ही रांग इतिहासदृष्ट्या अशक्य आहे. सामान्य भग्नचित्रात वास्तू भूतकाळाची आणि माणसे वर्तमानाची असतात. गुराखी किंवा प्रवासी त्या अवशेषांखाली विसावलेले दिसतात. येथे वास्तू चित्रकाराने स्वतः पाहिल्यासारखी पडकी आहे आणि माणसे मात्र तिच्या नांदत्या काळातील आहेत. जणू मठ पडला, हे त्यांना कोणी कळविलेलेच नाही.

यापुढे पाहू गेल्यास, चित्रात काळ एकाच गतीने वाहत नाही, हे ध्यानी येते. पडलेली वीट पुन्हा चढत नाही. ओक मात्र मेलेले नाहीत. ते हिवाळ्याने निष्पर्ण झाले आहेत आणि वसंतात पालवतील. चंद्राची कोर महिन्याच्या फेऱ्यात आहे. उजेड पहाटेचा की संध्याकाळचा, हे चित्रकाराने उघड केलेले नाही. पण तो रोज येणारा उजेड आहे, एवढे निश्चित. या सर्वांच्या मध्ये माणसाची शवपेटी आहे, आणि तिचा प्रवास एकदाच होणारा. वास्तूचा, वृक्षाचा, चंद्राचा आणि माणसाचा असे निरनिराळे काळ एका चौकटीत शेजारी ठेवणे हे या चित्राचे खरे कर्तृत्व होय. अमेरिकन चित्रकार टॉमस कोल याला साम्राज्याचा उदयास्त दाखविण्यासाठी पाच चित्रांची मालिका रचावी लागली. १८३६ मधील तिच्या अखेरच्या चित्रात निर्मनुष्य अवशेषांवर चंद्र उगवतो. ती मालिका बोधप्रद आहे खरी, पण बोध हाती आला की ती संपते. फ्रीडरिखचे चित्र असे संपत नाही.

मग येथे रस कोणता? करुण म्हणावे, तर शोकाला आलंबन हवे. शवपेटीत कोण आहे ते आपणांस ठाऊक नाही. एकाही शोककर्त्याचा चेहरा दिसत नाही. चित्रकार बालवयातच मातेला आणि भावाला अंतरला होता, हे सत्य. परंतु चरित्रातील दुःख कलाकृतीत ओतून तिचा रस ठरविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. येथे शांतरसच मानावा लागतो. मम्मटाने शांताचा स्थायीभाव निर्वेद मानला, अभिनवगुप्ताने तत्त्वज्ञान. या चित्रापुरता आमचा कौल अभिनवगुप्ताकडे आहे. निर्वेदात पाठ फिरविणे असते, आणि ही माणसे तर पावलापुढे पाऊल टाकीत चालली आहेत. अर्थात दारात क्रूस आहे आणि फ्रीडरिख श्रद्धावान ख्रिस्ती होता, हे विसरून चालणार नाही. आमची परिभाषा त्या श्रद्धेची जागा घेऊ शकत नाही. ती केवळ आपणांस तिच्या उंबरठ्यापर्यंत नेते.

चित्रात दोष नाही असे नव्हे. दुतर्फा ओकांची मांडणी इतकी नेटकी आहे की क्षणभर रंगमंचाचा भास होतो. परंतु या चित्राच्या रंगांविषयी मत देताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. बर्लिनमध्ये त्याची दीर्घकाळ दुरुस्ती चालली आणि २०१६ मध्ये ते पुन्हा प्रेक्षकांपुढे आले, तेव्हा पिवळट पडलेले जुने वार्निश आणि नंतरच्या हातांचे रंगलेपन दूर झालेले होते. जो काळवंडलेला विषाद जुन्या रसिकांना भावला असेल, त्यातील काही अंश चित्रकाराचा नव्हताच. उलट, याच विषयावरील फ्रीडरिखचे ‘बर्फातील मठाची स्मशानभूमी’ हे चित्र १९४५ मध्ये युद्धात बर्लिन येथे नष्ट झाले. त्याचे आज केवळ कृष्णधवल छायाचित्र उरले आहे, आणि त्यावरून त्या आकाशातील उजेडाची कल्पना करता येत नाही.