धुराड्यापुरती संमती : हवा अधिनियम, १९८१ मधील परवाना-व्यवस्थेची चिकित्सा

प्रास्ताविक

भारतातील औद्योगिक वायुप्रदूषणाच्या नियमनाची इमारत ‘संमती’ या एका शब्दावर उभी आहे. कारखाना उभारण्यापूर्वी स्थापनेची संमती आणि तो चालविण्यापूर्वी संचालनाची संमती, अशा दोन पायऱ्या उद्योजकाला सर्वसाधारणपणे चढाव्या लागतात. ही संमती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. ती मागणारा उद्योजक आणि ती देणारे मंडळ यांच्यातच हा व्यवहार पूर्ण होतो. कारखान्याच्या सभोवती राहणाऱ्या आणि तीच हवा श्वासावाटे घेणाऱ्या माणसाला त्यात स्थान नसते.

ही व्यवस्था अपेक्षित फळ देऊ शकली नाही, याविषयी आता फारसा मतभेद राहिलेला नाही. मात्र या अपयशाचे कारण सांगताना बहुधा अंमलबजावणीतील शैथिल्याकडे बोट दाखविले जाते. कर्मचारी अपुरे आहेत, तपासणी वेळेवर होत नाही, कारवाई लांबते, ही कारणे खरी आहेत; परंतु ती पुरेशी नाहीत. एखाद्या औद्योगिक वसाहतीतील प्रत्येक कारखान्याने आपल्या संमतिपत्रातील प्रत्येक अट पाळली, तरीही तेथील हवा श्वास घेण्यास अयोग्य राहू शकते. म्हणजेच दोष अंमलबजावणीइतकाच संमतिपत्राच्या रचनेतही आहे. प्रस्तुत लेखात या रचनेची चिकित्सा केली आहे.

अधिनियमाची मांडणी

१९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली. तेथील निर्णयांच्या अंमलबजावणीसाठी संसदेने हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ संमत केला. त्याच्या कलम १९ नुसार राज्य शासन वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र घोषित करते. अशा क्षेत्रात मंडळाच्या पूर्वसंमतीवाचून कोणताही औद्योगिक संयंत्र उभारता अथवा चालविता येणार नाही, असे कलम २१ सांगते. अर्ज मिळाल्यापासून चार महिन्यांच्या आत मंडळाने संमती द्यावी अथवा नाकारावी, अशीही त्यात तरतूद आहे. मूळ कायद्यात अनुसूचीतील उद्योगांपुरते असलेले हे बंधन १९८७ च्या सुधारणेने सर्वच उद्योगांना लागू केले. भोपाळ दुर्घटनेची पार्श्वभूमी असलेल्या त्या सुधारणेने मंडळाला कारखाना बंद करण्याचे व वीज-पाणी तोडण्याचे आदेश देण्याचा अधिकार कलम ३१-अ अन्वये दिला, तसेच साठ दिवसांची पूर्वसूचना देऊन न्यायालयात जाण्याचा मार्ग नागरिकांसाठी खुला केला.

या अधिनियमाचे वाचन काळजीपूर्वक केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. कायदा स्थळाविषयी अनभिज्ञ नाही. उत्सर्जनाची मानके ठरविताना हवेच्या गुणवत्तेच्या मानकांचा विचार करावा, असे कलम १७ मध्ये स्पष्टपणे म्हटले आहे. एखादी जागा विशिष्ट उद्योगासाठी योग्य आहे किंवा नाही, याविषयी राज्य शासनाला सल्ला देणे हेही त्याच कलमाने मंडळाचे कार्य ठरविले आहे. तथापि संमतीच्या अटी सांगणाऱ्या कलम २१ च्या पोटकलम (५) मध्ये हा विचार मागे पडतो. तेथे नियंत्रण-उपकरणांचा नमुना, त्यांची दुरुस्ती व देखभाल आणि आवश्यक तेथे धुराड्याची उभारणी यांचा उल्लेख येतो. ‘मंडळ विनिर्दिष्ट करील अशा इतर अटी’ घालण्याची मुभा आहे. पण त्या परिसरातील हवेची सद्यःस्थिती पाहूनच निर्णय घेतला पाहिजे, अशी सक्ती नाही. कलम १७ मध्ये सुचविलेला दुवा कलम २१ पर्यंत येईतो तुटतो, आणि व्यवहारात हेच दुसरे कलम मोठे ठरले आहे.

धुराड्याचे गणित

या तुटलेल्या दुव्याचा परिणाम साध्या आकडेमोडीने स्पष्ट होतो. धूलिकणांसाठी धुराड्याची मर्यादा सामान्यतः प्रति घनमीटर वायूमागे १५० मिलिग्रॅम अशी संहतीच्या स्वरूपात असते. एखाद्या बॉयलरच्या धुराड्यातून ताशी दहा हजार घनमीटर वायू बाहेर पडतो असे मानल्यास, मर्यादा काटेकोरपणे पाळूनही तो ताशी दीड किलो धूलिकण हवेत सोडतो. अशी वीस धुराडी एका वसाहतीत असली तर ताशी तीस किलो, आणि चोवीस तासांत सातशे वीस किलो धूळ त्या परिसरात मिसळते. वीसही संमतिपत्रे निर्दोष असतात. एकविसावा अर्ज आला, तर त्यालाही तीच मर्यादा घालून संमती देता येते. आधीच्या वीस धुराड्यांनी त्या आकाशाची सहनशक्ती किती उरविली आहे, हा प्रश्न संमतीच्या अर्जात अनिवार्यपणे उपस्थित होत नाही.

धुराड्याच्या उंचीसंबंधीचा नियमही याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. गंधक डायऑक्साइडच्या ताशी उत्सर्जनावरून धुराड्याची किमान उंची ठरविण्याचे सूत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिले आहे. धुराडे उंच केल्याने जमिनीलगतच्या हवेतील प्रदूषकाचे प्रमाण घटते, यात शंका नाही. परंतु बाहेर पडणाऱ्या वायूचे एकूण वजन तेवढेच राहते. ते केवळ दूरवर पसरते. शिवाय गंधक डायऑक्साइडचे वातावरणात सल्फेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतर होते आणि हे कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात. उंच धुराडे शेजाऱ्याची तक्रार कमी करते आणि दूरच्या अनोळखी माणसाचा भार वाढविते.

औष्णिक वीजकेंद्रांच्या बाबतीत हा तर्क धोरणाच्या पातळीवर पोहोचला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने या केंद्रांसाठी गंधक डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे व पारा यांची मानके प्रथमच अधिसूचित केली आणि विद्यमान केंद्रांना दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत पुनःपुन्हा वाढविण्यात आली. अखेर जुलै २०२५ च्या अधिसूचनेने मोठ्या शहरांपासून व प्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या, म्हणजे बहुसंख्य केंद्रांना गंधक डायऑक्साइडच्या मानकातून वगळले. त्यांच्यावर बंधन राहिले ते मुख्यतः धुराड्याच्या उंचीचे. नियमनात स्थळाचा विचार व्हावा ही अपेक्षा येथे पूर्ण झाली खरी, पण ती सवलतीच्या रूपाने झाली.

चंद्रपूरचा दाखला

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे चंद्रपूर होय. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि २९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र यांनी वेढलेल्या या परिसराला २००९ सालच्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुण मिळाले. ७० पेक्षा अधिक गुण असलेले क्षेत्र ‘अतिप्रदूषित’ मानले गेले. देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांपैकी ४३ क्षेत्रे या वर्गात आली. महाराष्ट्रातून चंद्रपूरसह डोंबिवली, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नवी मुंबई व तारापूर यांचा त्यांत समावेश होता.

यानंतर जानेवारी २०१० मध्ये या क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांवर तात्पुरती बंदी घालण्यात आली. ती कोणत्या मार्गाने घातली गेली, हे येथे महत्त्वाचे आहे. बंदी होती ती पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे लागणाऱ्या पर्यावरणविषयक मंजुरीवर. एका संपूर्ण परिसराची हवा, पाणी व भूमी यांचा एकत्रित विचार करून ‘येथे आता अधिक भार नको’ असे म्हणण्याचा प्रसंग आला, तेव्हा हवा अधिनियमातील संमतीची यंत्रणा त्यासाठी पुढे आली नाही. जुन्या कारखान्यांची संमतिपत्रे कायम राहिली. २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात अग्रस्थानी आले. मधल्या नऊ वर्षांत तेथील कारखाने संमतिपत्राविना चालत होते असे नाही.

मोजणारा कोणाचा?

संमतिपत्राची दुसरी मर्यादा मोजमापाशी निगडित आहे. अटी पाळल्या जातात किंवा नाही, हे कोणी आणि कोणाच्या खर्चाने तपासायचे? या संदर्भात गुजरातमध्ये झालेला अभ्यास मार्गदर्शक आहे. तेथे लेखापरीक्षक कारखान्यानेच निवडायचा आणि त्याचे शुल्कही कारखान्यानेच द्यायचे, अशी पद्धत होती. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे व निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, प्रचलित पद्धतीत परीक्षकांनी धूलिकणांच्या बाबतीत केवळ ७ टक्के कारखाने मर्यादा ओलांडतात असे नोंदविले होते. प्रत्यक्षात हे प्रमाण ५९ टक्के होते. परीक्षकाची निवड यादृच्छिक रीतीने केल्यावर, त्याचे मानधन सामायिक निधीतून दिल्यावर आणि त्याच्या नोंदींची फेरतपासणी ठेवल्यावर खोट्या नोंदी मोठ्या प्रमाणात घटल्या आणि कारखान्यांचे उत्सर्जनही कमी झाले. तोच कायदा आणि तीच मर्यादा कायम असताना केवळ मोजणाऱ्याचे आर्थिक अवलंबित्व दूर केल्याने हा फरक पडला.

२०१४ पासून अधिक प्रदूषणकारी उद्योगांना धुराड्यावर सतत मोजमाप करणारी यंत्रे बसविण्याचे निर्देश देण्यात आले. मात्र कलम २६ मधील नमुना घेण्याची पद्धत हाताने घेतलेल्या नमुन्याला अनुसरून लिहिलेली असून, त्या पद्धतीने न घेतलेल्या नमुन्याचा निष्कर्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. यंत्र दर काही मिनिटांनी आकडा देते, पण कायदा मात्र बाटलीबंद नमुन्याची वाट पाहतो. जनविश्वास अधिनियम, २०२३ मुळे एप्रिल २०२४ पासून मानकभंगासारख्या अपराधांवरील कारावास जाऊन त्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांची शास्ती आली. निवाडा त्यामुळे जलद होऊ शकेल; परंतु मोठ्या उद्योगाच्या ताळेबंदात ही रक्कम धाक निर्माण करण्याइतकी आहे, असे म्हणणे कठीण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना कलम ३१-अ खाली पर्यावरणाच्या हानीची भरपाई वसूल करण्याचा अधिकार मान्य केला, ही त्यामानाने आश्वासक बाब होय.

अन्यत्रचा अनुभव

स्थळ आणि धुराडे यांची सांगड कायद्याने घालता येते काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील व्यवस्थेशी तुलना उपयुक्त ठरते, कारण तेथेही परवाने मुख्यतः राज्येच देतात. १९७० च्या स्वच्छ हवा अधिनियमाने हवेची राष्ट्रीय मानके ठरविण्याचे काम संघीय संस्थेकडे आणि ती गाठण्याची योजना आखण्याचे काम राज्यांकडे सोपविले. १९७७ च्या सुधारणांनुसार, जेथे मानक गाठले गेलेले नाही अशा क्षेत्रात मोठा नवा स्रोत सुरू करावयाचा असेल, तर त्याच क्षेत्रातील इतर स्रोतांचे उत्सर्जन आधी घटवून दाखवावे लागते. एकविसाव्या धुराड्याचा प्रश्न तेथे अर्जातच विचारला जातो. १९९० च्या सुधारणेने संचालन-परवान्याची मुदत कमाल पाच वर्षे ठरविली आणि परवान्याच्या मसुद्यावर जनतेला किमान तीस दिवस मत मांडण्याची संधी दिली. याही व्यवस्थेत उणिवा आहेत. हे परवाने बहुतांशी आधीच्याच बंधनांचे संकलन असतात आणि सामान्य नागरिकाला ते वाचणे अवघड जाते. तरीही परवान्याचा मजकूर हा सार्वजनिक चर्चेचा विषय आहे, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले आहे. भारतात जनसुनावणी आहे ती पर्यावरणविषयक मंजुरीच्या टप्प्यावर व ठरावीक प्रकल्पांपुरती. संमतीच्या टप्प्यावर ती नाही.

देशांतर्गत प्रयोगही दुर्लक्षणीय नाहीत. सुरत येथे २०१९ मध्ये धूलिकणांसाठी उत्सर्जन-व्यापाराची योजना सुरू झाली. तीत प्रत्येक धुराड्याच्या संहतीऐवजी सर्व सहभागी कारखान्यांच्या एकूण उत्सर्जनाला मर्यादा घालण्यात आली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटले. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ जून २०१७ रोजी सुरू केलेल्या तारांकन योजनेने कारखान्यांची धूलिकणविषयक कामगिरी एक ते पाच ताऱ्यांत जनतेसमोर ठेवली. पहिल्या प्रयोगाने एकूण भार मोजला, दुसऱ्याने माहिती खुली केली. दोन्ही गोष्टी प्रशासनाला शक्य आहेत, एवढे त्यांतून निश्चित सिद्ध होते.

आक्षेपांचा विचार

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शहराच्या हवेत रस्त्यावरील धूळ, वाहने, बांधकामे आणि कचरा जाळणे यांचाही मोठा वाटा असतो. त्याचा भार एकट्या कारखान्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो एकूण भाराचा हिशेब मांडण्याच्या विरोधात जात नाही. उलट प्रत्येक स्रोताचा वाटा ठरविण्याची निकड त्यातून पुढे येते. दुसरा आक्षेप लघुउद्योगांविषयीचा आहे. कठोर अटींनी लहान कारखानदार भरडला जाईल, ही भीती निराधार नाही. तथापि संहतीची एकच मर्यादा सर्वांना लावणारी आजची पद्धत त्याला अधिक न्याय्य आहे असेही नाही. भारावर आधारित मर्यादेत जो अधिक सोडतो त्याच्यावर अधिक जबाबदारी येते.

समारोप

२००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार अतिसूक्ष्म धूलिकणांची (पीएम २.५) वार्षिक मर्यादा प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. राष्ट्रीय मर्यादा उदार असूनही अनेक शहरे ती गाठू शकत नाहीत, म्हणून २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. त्या कार्यक्रमाच्या यादीत चंद्रपूरही आहे. एका बाजूस शहराच्या हवेचे उद्दिष्ट आणि दुसऱ्या बाजूस कारखान्याचे संमतिपत्र अशी दोन दप्तरे वेगवेगळी चालत राहिली, तर पहिल्यातील उद्दिष्ट कागदावरच राहील.

यासाठी अधिनियमाचे पुनर्लेखन अनिवार्य आहे असे नाही. कलम २१ मधील ‘इतर अटी’ या शब्दांत परिसरातील हवेची स्थिती, एकूण भाराची मर्यादा आणि स्वतंत्र मोजमाप यांना आजही जागा आहे, आणि कलम १७ त्याला आधार देते. संमतीच्या अर्जाची सूचना परिसरातील रहिवाशांना त्यांच्या भाषेत मिळावी आणि त्यांचे म्हणणे नोंदले जावे, यालाही कायद्याची आडकाठी नाही. चंद्रपूर किंवा तारापूर येथील रहिवाशाला कोणत्याही एका धुराड्याचा धूर वेगळा काढून श्वास घेता येत नाही. त्याच्या वाट्याला येणारी हवा ही साऱ्या संमतिपत्रांची बेरीज असते, आणि ती बेरीज करण्याचे दायित्व संमती देणाऱ्या मंडळाकडेच येते.