पटसंख्या, वर्ग आणि शिक्षक : भंडारा जिल्ह्यातील जिल्हा परिषद प्राथमिक शाळांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
महाराष्ट्रात प्राथमिक शाळेचे मोजमाप प्रामुख्याने पटावरून केले जाते. पटावरून शिक्षकांची पदे ठरतात आणि पट घटला की शाळेच्या अस्तित्वाचाच प्रश्न निर्माण होतो. सात तालुक्यांच्या भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात या मोजमापाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लोकसंख्या आणि पट :
2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 12,00,334 होती. 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. भंडाऱ्याची वाढ 6 टक्क्यांहूनही कमी राहिली. त्यामुळे घटता पट हा केवळ शाळेच्या गुणवत्तेचा निकाल मानणे अशास्त्रीय ठरते. शिवाय ज्यांना खाजगी शाळेचे शुल्क परवडते, त्यांची मुले आधी बाहेर पडतात. मागे राहतात ती बहुतांशी शेतमजूर, अल्पभूधारक, ढिवर व गोंड कुटुंबांतील मुले. पट कमी होतो तसे त्याचे सामाजिक स्वरूपही बदलते. संचमान्यतेच्या तक्त्यात त्याची नोंद होत नाही.

निकषाची मर्यादा :
शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार 1ली ते 5वीसाठी 60 विद्यार्थ्यांपर्यंत दोन व 61 ते 90 साठी तीन शिक्षक अपेक्षित आहेत. हा निकष विद्यार्थी मोजतो, इयत्ता मोजत नाही. 60 पटाच्या शाळेत प्रमाण 30 : 1 येते, 18 पटाच्या शाळेत ते 9 : 1 येते आणि चैनीचे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी पाच इयत्ता दोनच शिक्षकांत विभागल्या जातात. एक जण पहिलीला अक्षरओळख देत असताना त्याच खोलीत दुसरीची मुले गणिते सोडवीत बसतात. शिक्षक–विद्यार्थी प्रमाण म्हणजे वर्गाचा आकार नव्हे, हे येथे स्पष्ट होते.

खुद्द पटाच्या विश्वसनीयतेलाही मर्यादा आहेत. ऑक्टोबर 2011 च्या राज्यव्यापी पटपडताळणीने नोंदणी व उपस्थिती यांतील तफावत उघड केली. मात्र सर्वच तफावत बनावट नसते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी थांबतात. पट कायम राहतो, वर्ग रिकामा होतो.

समूहशाळेचा पर्याय :
सप्टेंबर 2023 मध्ये शासनाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांबाबत समूहशाळांचे प्रस्ताव मागविले. त्या वेळी राज्यात अशा सुमारे 14,783 शाळा व 1,85,467 विद्यार्थी असल्याचे सांगण्यात आले. म्हणजे शाळेमागे सरासरी 12 ते 13 मुले. मोठ्या शाळेत समवयस्कांची सोबत व प्रत्येक इयत्तेस स्वतंत्र शिक्षक मिळू शकतो, हा युक्तिवाद नाकारता येत नाही. परंतु कोका परिसरातील जंगलवाट किंवा पावसाळ्यात भरून वाहणारा नाला सरासरीत दिसत नाही. कायद्याच्या नियमांनी 1ली ते 5वीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा अपेक्षिली, ती याच कारणासाठी. बस एक दिवस आली नाही, तर बहुधा सर्वप्रथम मुलीची शाळा बुडते.

निष्कर्ष :
पदे केवळ पटावर नव्हे, तर इयत्तांच्या संख्येवरही ठरावीत. यामुळे खर्च वाढेल हे खरे. परंतु आज तो खर्च मुले आपल्या शिकण्याच्या वेळेतून भागवीत आहेत. पट, प्रत्यक्ष उपस्थिती आणि एका शिक्षकाकडील इयत्ता या तिन्ही नोंदी एकत्र तपासल्याशिवाय तसेच ग्रामसभेचे मत घेतल्याशिवाय कोणत्याही शाळेच्या विलीनीकरणाचा निर्णय होऊ नये. लहान पट हा शाळेचा दोष नसून तिच्यापुढील वेगळ्या कामाचे स्वरूप आहे, असे म्हणावे लागते.